ब्रेकिंग बॅड, एल कॅमिनो, बेटर कॉल सॉल: कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं

"बेटर कॉल सॉलची गोष्ट आधी घडते, मग तिथूनच सुरुवात करायला हवी ना?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं. उत्तर एका शब्दाचं आहे: नको. दोन्ही मालिका ज्या क्रमानं बनल्या त्याच क्रमानं बघा, सिनेमा मध्ये. आधी 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकन मालिका, मग 'एल कॅमिनो' हा तिचा सिनेमा, मग 'बेटर कॉल सॉल' ही दुसरी मालिका. यामागची कारणं मात्र एका शब्दात मावणारी नाहीत. ती एकदा पटली की पुढे कुठलाही सिक्वेल, प्रिक्वेल किंवा स्पिन-ऑफ समोर आला तरी कुठून शिरायचं हे तुमचं तुम्हालाच कळायला लागेल.

कोण मरतं, कोण वाचतं, कोण कोणाला दगा देतं, यातलं काहीही या लेखात नाही. निर्धास्त वाचा.

सुरू करण्याआधी काय काय लागेल

- वेळ. ब्रेकिंग बॅडचे पाच सीझन, ६२ भाग. बेटर कॉल सॉलचे सहा सीझन, ६३ भाग. मध्ये एक दोन तासांचा सिनेमा. एक भाग साधारण पाऊण तासाचा धरला तर सगळं मिळून शंभर तासांच्या आसपास जातं. रोज एक भाग म्हटलं तर चार महिने.
- नेटफ्लिक्स, आणि त्यावर स्वतःचं वेगळं प्रोफाइल. घरातल्या सगळ्यांचं एकच प्रोफाइल असेल तर कोणीतरी पुढचा भाग लावून ठेवतं आणि तुम्ही नेमके तिथून सुरू करता.
- इंग्रजी सबटायटल, कायम सुरू. इंग्रजी चांगलं असलं तरीही. न्यू मेक्सिकोतली बोली, वकिली भाषा आणि बेटर कॉल सॉलमध्ये भरपूर स्पॅनिश. कान तिथे पुरत नाही.
- फोनमधली एक नोट. नावं लिहायला. त्याचं कारण तिसऱ्या पायरीत येईल.
- मुलं झोपल्यानंतरची वेळ. गोष्ट अमली पदार्थांच्या धंद्याची आहे, हिंसा उघड आहे. जेवताना आई-बाबांसोबत लावायची ही मालिका नाही.
- सगळं बघून झालेला एक माणूस, ज्याला गप्प बसता येतं. अडलं तर विचारायला. गप्प बसता येत नसेल तर असा माणूस नसलेलाच बरा.

१. आधी कोण कोणाचं काय लागतं ते समजून घ्या

सिक्वेल म्हणजे पुढची गोष्ट. सतीश राजवाडेंचा 'मुंबई-पुणे-मुंबई' २०१० साली आला तेव्हा पुण्यातल्या एका दिवसाची भेट एवढाच त्याचा जीव होता. २०१५ च्या दुसऱ्या भागात तीच दोघं लग्नाला उभी राहतात, २०१८ च्या तिसऱ्यात मूल येतं. गोष्ट माणसांसोबत वयानं वाढते. हा सिक्वेल.

प्रिक्वेल म्हणजे मागची गोष्ट. 'रात्रीस खेळ चाले'चा पहिला भाग २०१६ चा. तो सुरू होतो तोच अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. मग २०१९ ला दुसरा भाग आला आणि तो मागे गेला: अण्णा जिवंत असतानाच्या काळात, शेवंताच्या काळात. शेवट सगळ्या महाराष्ट्राला माहीत होता, तरी लोक रात्री टीव्हीसमोर बसत होते. पहिल्या भागात अण्णा म्हणजे जवळपास एक नाव होतं. माधव अभ्यंकरांनी त्या नावाला माणूस दिला तो दुसऱ्या भागात.

स्पिन-ऑफ म्हणजे मूळ गोष्टीतलं एखादं बाजूचं पात्र उचलून त्याचा वेगळा संसार मांडणं. रिमेक म्हणजे तीच गोष्ट पुन्हा, दुसऱ्या नटांत किंवा दुसऱ्या भाषेत.

बेटर कॉल सॉल यातल्या एका खणात बसत नाही. तो स्पिन-ऑफ आहे, बराचसा प्रिक्वेल आहे आणि थोडा सिक्वेलही आहे. घोळ तिथूनच सुरू होतो.

२. क्रम ठरवा: घडलेला नव्हे, बनलेला

ब्रेकिंग बॅड अमेरिकेत एएमसी वाहिनीवर २० जानेवारी २००८ ला सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०१३ ला संपली. बेटर कॉल सॉल ८ फेब्रुवारी २०१५ ते १५ ऑगस्ट २०२२. ती सुरू असतानाच, ११ ऑक्टोबर २०१९ ला, नेटफ्लिक्सवर एल कॅमिनो.

गोष्टीतल्या वर्षांप्रमाणे लावलं तर सॉल आधी येतो, कारण त्याची मुख्य गोष्ट २००२ पासून सुरू होते आणि ब्रेकिंग बॅडची २००८ पासून. म्हणून नवा माणूस तिथून सुरू करतो. आणि पहिल्याच मिनिटाला फसतो.

कारण बेटर कॉल सॉलच्या पहिल्या भागाची सुरुवातीची काही मिनिटं २००२ ची नाहीतच. ती ब्रेकिंग बॅड संपल्यानंतरची आहेत. कृष्णधवल. नेब्रास्कातल्या ओमाहा शहरातला एक मॉल, त्यातलं सिनेमन रोलचं दुकान, काउंटरमागे मिशीवाला एक मॅनेजर कणीक लाटतोय. संवाद जवळजवळ नाहीत. गिऱ्हाइकांत कोणी आपल्याकडे टक लावून बघतंय का, एवढीच त्याला धास्ती. रात्री तो घरी जातो, पेला भरतो, खिडकीचे पडदे ओढतो आणि लपवलेली एक व्हिडिओ कॅसेट लावून बघत बसतो.

ज्यानं ब्रेकिंग बॅड पाहिली आहे, त्याला या काही मिनिटांत गलबलून येतं. ज्यानं नाही पाहिली, त्याला यात एक कंटाळलेला माणूस मिठाई बनवताना दिसतो, आणि वर एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर फुकटात कळतं. निर्मात्यांनी प्रेक्षकाला आधीचं माहीत आहे असं धरूनच पहिलं दृश्य लिहिलं आहे. लिहिणाऱ्यानं जे गृहीत धरलं ते आपल्याकडे असायला हवं. बनलेल्या क्रमानं बघायचं ते यासाठी.

'स्टार वॉर्स'च्या बाबतीतही माझं हेच म्हणणं आहे. १९७७, १९८० आणि १९८३ चे तीन सिनेमे आधी, १९९९ पासूनचे तीन नंतर. नव्या तिघांवर पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे आहेत म्हणून लहान मुलांना तिथून सुरू करून देणारे पालक मी पाहते, आणि १९८० च्या सिनेमातला तो एक मोठा धक्का त्या मुलांच्या वाट्याला कधीच येत नाही.

३. पहिला सीझन पुरा करा, आणि दुसऱ्यापासून नावं लिहायला लागा

ब्रेकिंग बॅडचा पहिला सीझन फक्त सात भागांचा आहे. २००७-०८ मध्ये हॉलिवुडच्या लेखकांचा संप झाला आणि सीझन तिथेच आवरता घ्यावा लागला. त्यामुळे तो जरा अर्धवट वाटतो. वॉल्टर व्हाइट, वय पन्नास, अल्बुकर्कीतल्या शाळेत रसायनशास्त्राचा शिक्षक, फुप्फुसाचा कॅन्सर. पुढे काय होणार याचा अंदाज आल्यासारखं वाटतं आणि लोक सोडून देतात. सात भाग म्हणजे पाच-सहा तास. तेवढे द्या आणि दुसऱ्या सीझनच्या मध्यापर्यंत या. तिथेही पकड बसली नाही तर खुशाल सोडा, पण त्याआधी निकाल देऊ नका.

दुसऱ्या सीझनचा आठवा भाग माझ्या लेखी या सगळ्या पसाऱ्याचा उंबरठा आहे. २००९ साली आलेला हा भाग पीटर गूल्डनं लिहिला आणि यात सॉल गुडमन हा भडक टाय लावणारा, टीव्हीवर स्वतःची जाहिरात करणारा वकील पहिल्यांदा दिसतो. बॉब ओडेनकर्कनं केलेलं हे काम आधी मोजक्याच भागांपुरतं होतं.

यातला एक प्रसंग नीट बघा. तोंडं झाकलेली दोन माणसं सॉलला रात्री वाळवंटात नेतात. समोर खणलेला खड्डा. सॉल गुडघ्यांवर. त्याला वाटतं ही भलत्याच कोणाची तरी माणसं आहेत, आणि घाबरून तो बरळतो: मी नाही, तो इग्नासिओ होता! मग विचारतो, तुम्हाला लालोनं नाही पाठवलं? नाही कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो. दोन नावं. पुढे ब्रेकिंग बॅडमध्ये या लालोचं काहीच होत नाही. पहिल्यांदा बघताना ती नावं कानावरून जातात.

ती लिहून ठेवा. सहा वर्षांनी बेटर कॉल सॉल आली, त्यात इग्नासिओ भेटतो, आणि लालो पडद्यावर येतो तो थेट २०१८ मध्ये, चौथ्या सीझनला. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी टाकलेल्या एका ओळीतून लेखकांनी दोन अख्खी माणसं उभी केली. त्या ओळीमागचा धसका कुठून आला हे तुम्हाला जेव्हा कळेल, तेव्हा २००९ चा तो प्रसंग तुमच्यासाठी बदललेला असेल.

स्पिन-ऑफ चांगला की वाईट हे मी यावरूनच ठरवते. मागच्या गोष्टीला तो हात लावतो की नाही? नुसते जुने चेहरे आणून टाळ्या घेणारे स्पिन-ऑफ पुष्कळ आहेत. मूळ गोष्ट परत बघाविशी वाटायला लावणारे फार थोडे.

माइकचंही असंच. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात एका कामासाठी खरं तर सॉलच येणार होता, पण ओडेनकर्क त्या वेळी दुसऱ्या मालिकेत अडकला होता. म्हणून जोनाथन बँक्सला घेऊन माइक नावाचं पात्र तयार केलं. तारखा जुळल्या नाहीत म्हणून जन्मलेला हा माणूस पुढे दोन्ही मालिकांचा कणा झाला.

४. ब्रेकिंग बॅड संपली की लगेच पुढचं लावू नका

पाचवा सीझन १६ भागांचा, दोन तुकड्यांत आलेला: आठ २०१२ ला, आठ २०१३ ला. शेवटचे आठ सलग बघावेसे वाटतील, बघा. पण संपल्यावर आठवडाभर काही लावू नका. कोणाशी तरी बोला, जे आवडलं नाही त्यावरही बोला. नेटफ्लिक्स काही सेकंदांत तुम्हाला दुसरीकडे ढकलायला बघेल. सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून टाका.

मग एल कॅमिनो. हा सिनेमा मालिका जिथे संपते तिथून पुढे लगेच सुरू होतो आणि वॉल्टरच्या जोडीदाराचं, म्हणजे ॲरन पॉलच्या जेसी पिंकमनचं काय झालं ते सांगतो. ब्रेकिंग बॅडचा निर्माता विन्स गिलिगननं स्वतः लिहून दिग्दर्शित केलेला आहे. तो बेटर कॉल सॉलच्या चौथ्या आणि पाचव्या सीझनच्या मधल्या काळात आला, म्हणून काही जण चौथ्या सीझननंतर बघायला सांगतात. मला ते पटत नाही. जेसीची हुरहूर ताजी असतानाच हा सिनेमा बघावा. वर्षभरानंतर तीच माणसं तितकी जवळची राहत नाहीत.

हा सिनेमा लागणारच होता का? माझं प्रामाणिक मत: नव्हता. मालिकेनं जेसीला जिथे सोडलं होतं तिथे ते पुरेसं होतं. तरी बघा, कारण रॉबर्ट फॉर्स्टर. व्हॅक्यूम क्लिनरच्या दुकानातला तो शांत म्हातारा काउंटरपलीकडून एकेक वाक्य कसं तोलून बोलतो ते बघण्यासारखं आहे. सिनेमा आला त्याच दिवशी फॉर्स्टर गेला.

५. बेटर कॉल सॉल लावण्याआधी घाई बाजूला ठेवा

सगळ्यात जास्त लोक इथे गळतात. ब्रेकिंग बॅडचे शेवटचे भाग वेगानं पळतात. त्याच वेगाच्या अपेक्षेनं पुढची मालिका लावली की दोन भागांत "काहीच घडत नाही" असं वाटतं.

घडतं, पण बारीक घडतं. जिमी मॅगिल नावाचा एक धडपडा वकील. ऑफिस म्हणजे नेल सलूनच्या मागची खोली. गाडी पिवळी सुझुकी एस्टीम, एक दार लाल. (नावावरून आपली मारुती एस्टीम डोळ्यांसमोर येते, पण अमेरिकेत एस्टीम म्हणून विकली गेलेली ही गाडी म्हणजे आपल्याकडची पहिली, डिकीवाली बलेनो.) दुसऱ्या सीझनमध्ये त्याला मोठ्या फर्मची नोकरी लागते, फर्मची चकचकीत गाडी मिळते. मैत्रीण किम वेक्सलरनं दिलेला कॉफीचा मग तो सोबत घेऊन निघतो, पण नव्या गाडीच्या कप ठेवायच्या खाचेत तो मग बसत नाही. जिमी दाबून बघतो, फिरवून बघतो, जमत नाही. एवढंच. पण हा माणूस त्या नोकरीत बसणार आहे की नाही, ते तुम्हाला त्या मगानं सांगितलेलं असतं.

अशा गोष्टी फोन बघत बघत मालिका लावली तर निसटतात. म्हणून माझी कळकळीची सूचना: ही मालिका दिवसाला एकच भाग, फोन दुसऱ्या खोलीत.

आणखी तीन गोष्टी आधीच सांगून ठेवते.

कृष्णधवल दृश्यं आली की समजायचं, हा नंतरचा काळ. रंगीत म्हणजे आधीचा. आपल्या सवयीच्या नेमकं उलट आहे हे. सिनेमात फ्लॅशबॅक काळा-पांढरा असतो, इथे भविष्याचा रंग गेलाय.

सुरुवातीची श्रेयनामावली 'स्किप' करू नका. जुन्या व्हिडिओ टेपसारखी मुद्दाम खराब केलेली, मध्येच तुटणारी अशी ती आहे. दर सीझनला तीच दृश्यं येतात आणि दर वेळी थोडी अजून विटलेली असतात. सीझन जसजसे पुढे सरकतात तसा तिचा रंगही उडत जातो.

आणि सॉलची वाट बघू नका. मालिकेच्या नावात तो आहे म्हणून लोक पहिल्या भागापासून त्या भडक वकिलाला शोधतात. इथे जिमी आहे, त्याचा मोठा भाऊ चक आहे, किम आहे. मायकेल मॅकीननं केलेला चक आणि ऱ्हिया सीहॉर्नची किम ही दोन्ही माणसं ब्रेकिंग बॅडमध्ये नाहीत. प्रिक्वेलची खरी ताकद इथे आहे असं मला वाटतं. सॉल, माइक आणि ब्रेकिंग बॅडमधलाच गस हे पुढे असणार हे आपल्याला ठाऊक. त्यांच्यावर बंदूक रोखली तरी आपण घाबरत नाही. पण किमचं काय? ती पुढे का नाही? हा एक प्रश्न सहा सीझन तुमच्या छातीवर बसून राहतो, आणि जसजशी ती आवडत जाते तसतसा जड होत जातो. प्रिक्वेलमध्ये ताण नसतो म्हणणाऱ्यांनी एकदा किमसाठी ही मालिका बघावी.

या मालिकेला एमीची, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या मोठ्या पुरस्कारांची, ५३ नामांकनं मिळाली आणि एकही पुरस्कार मिळाला नाही. ब्रेकिंग बॅडला २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्कृष्ट मालिकेचा एमी मिळाला. पुरस्कारांवरून बघायचं की नाही ठरवणाऱ्यांसाठी म्हणून सांगितलं. ऱ्हिया सीहॉर्नचं काम बघून झालं की त्या आकड्याचा राग येईल तुम्हाला, मला अजून येतो.

६. स्पॉयलरचे सापळे

यूट्यूबचे शॉर्ट्स सगळ्यांना माहीत आहेत. ब्रेकिंग बॅडचा एक व्हिडिओ शोधलात की पुढे महिनाभर शेवटची दृश्यं समोर येत राहतात, म्हणून मालिका संपेपर्यंत तिथे नावच टाकू नका. पण यापेक्षा आतले सापळे वेगळे आहेत.

*आयएमडीबीची कलाकारांची यादी.* "हा नट कोण?" म्हणून तुम्ही सहज उघडता. नावापुढे किती भाग आणि कुठलं वर्ष ते लिहिलेलं असतं. एखाद्याचं वर्ष २००९ ला संपलं की पुढचं सांगायची गरज उरते का? नटाचं नाव हवं असेल तर त्या भागाच्या शेवटच्या नामावलीत बघा.

*फॅन्डमची पानं.* म्हणजे चाहत्यांनी लिहिलेली मालिकेची माहितीची वेबसाइट. पात्राच्या फोटोखालच्या चौकटीत तो जिवंत आहे की मेला हे पहिल्या काही ओळींतच लिहिलेलं असतं.

*भागांची यादी.* नेटफ्लिक्सवर पुढच्या भागांची चित्रं आणि दोन ओळींचा सारांश दिसतो. यादी उघडूच नका. होम स्क्रीनवरून 'कंटिन्यू वॉचिंग'ला जा.

*सर्च बॉक्स.* पात्राचं नाव टाइप केलं की गूगल स्वतःच पुढचे शब्द सुचवतं, आणि ते बहुतेक मृत्यूबद्दलचे असतात.

७. काय वगळलं तरी चालेल

'मेटास्तासिस' ही ब्रेकिंग बॅडची कोलंबियात बनलेली स्पॅनिश आवृत्ती, २०१४ ची. त्यात वॉल्टर व्हाइटचा वॉल्टर ब्लांको होतो. अभ्यास म्हणून ठीक, एरवी गरज नाही. 'स्लिपिन जिमी' ही २०२२ ची छोटी ॲनिमेशन मालिका जिमीच्या लहानपणाची. मूळ मालिकेचं वजन तिच्यात कुठेच नाही. वगळा. नाव जोडलेलं आहे म्हणून सगळं बघायलाच हवं असं नाही, आणि संग्रह पुरा करण्याच्या हट्टापायी चांगल्या गोष्टीची चव जाते.

८. हीच रीत इतरत्र वापरताना

'दृश्यम'चं विचारणारे पुष्कळ भेटतात. मूळ मल्याळम, २०१३, दिग्दर्शक जितू जोसेफ, मोहनलाल. हिंदी २०१५ ला आला तो आपल्या निशिकांत कामतांनी केला, 'डोंबिवली फास्ट'वाले. त्यांनी गोष्ट गोव्यात आणली, आणि पणजीचा सत्संग आणि पावभाजी आता लोकांना तोंडपाठ आहे. दुसरा मल्याळम भाग २०२१ ला आला, तोही जितू जोसेफ यांचाच. दुसरा हिंदी २०२२ ला, पण तोवर कामत गेले होते. तो अभिषेक पाठक यांनी केला.

इथे नियम असा: एक भाषा निवडा आणि दोन्ही भाग त्याच भाषेत बघा. पहिला हिंदी, दुसरा मल्याळम असं केलंत तर घर, पोलीस ठाणं, कुटुंब सगळं बदलतं, आणि दुसऱ्या भागाची अर्धी मजा त्या ओळखीच्या जागांतच आहे. सबटायटल वाचायची तयारी असेल तर मल्याळमच घ्या. दोन्ही भागांमागे एकच लेखक-दिग्दर्शक असल्याचा फरक जाणवतो: दुसरा भाग पहिल्याच्या शेवटाला चिकटून उभा आहे, त्याची नक्कल करत नाही.

विनोदी मालिकांचं गणित वेगळं. 'चीअर्स' या बोस्टनच्या बारमधल्या मालिकेतला मानसोपचारतज्ज्ञ फ्रेझर क्रेन १९९३ ला सिॲटलला गेला आणि त्याची मालिका अकरा सीझन चालली, लागोपाठ पाच वर्षं सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी घेऊन. 'फ्रेंड्स'मधला जोई २००४ ला लॉस एंजेलिसला गेला आणि दोन वर्षांत परत येण्याची वेळ आली. दोघांनीही शहर बदललं. पण फ्रेझरला तिथे बाप मिळाला, खुब्यात गोळी लागून निवृत्त झालेला पोलीस, मुलाच्या महागड्या घरात आपली जुनी आरामखुर्ची आणून ठेवणारा. भाऊ मिळाला. भांडायला नवी माणसं मिळाली. जोई तोच राहिला आणि त्याच्या भोवतीचे पाच जण गेले. फ्रेझर बघायला चीअर्स बघावीच लागते असं नाही. पहिल्या भागापासून ती आपल्या पायावर उभी आहे. जोईसाठी फ्रेंड्स पाहून झालं असेल तर तिथेच थांबा.

९. कधी सोडायचं

हे अवघड आहे, कारण आवडत्या पात्रांचा मोह सुटत नाही. मी तीन गोष्टी बघते.

पहिली, लिहिणारे तेच आहेत का? बेटर कॉल सॉल गिलिगन आणि पीटर गूल्ड यांनी मिळून उभी केली, म्हणजे सॉलला जन्म देणाराच त्याला पुढे घेऊन गेला. नवीन माणसं आली म्हणून काम वाईट होईलच असं नाही, पण तेव्हा दोन-तीन भागांतच पारखून घ्यावं.

दुसरी, मूळ नटाविना ती गोष्ट उभी राहते का? 'झपाटलेला' १९९३ चा, लक्ष्मीकांत बेर्डेंचा. ते २००४ ला गेले आणि 'झपाटलेला २' २०१३ ला थ्रीडीमध्ये आला. तात्या विंचू तोच होता, बाहुल्याचं काम उत्तम होतं. पण त्या बाहुल्याला घाबरणारा लक्ष्या नव्हता, आणि भीती नि हसू दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर घडत होतं. महेश कोठारेंनी मेहनत कमी केली म्हणून नव्हे. ती जागा भरता येण्यासारखीच नव्हती. असा सिक्वेल मी एकदा आदरानं बघते आणि पहिल्याकडे परत जाते.

तिसरी, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: नवा भाग त्या माणसाबद्दल काही नवं विचारतोय का, की जुना प्रसंग नव्या जागी परत करतोय? तीन भाग बघूनही उत्तर मिळालं नाही, तर वॉचलिस्टमधून काढून टाका. अर्ध्यावर सोडलेल्या मालिकेचा शेवट वाचून काढायलाही हरकत नाही. मूळ मालिका तुमच्याजवळ असतेच, आणि ब्रेकिंग बॅडसारखी असेल तर दुसऱ्यांदा बघताना दुसऱ्या सीझनच्या आठव्या भागासाठी एक पूर्ण संध्याकाळ मोकळी ठेवा.